जुनं कर्नल काढताना

उबुंटू सुरक्षेचे अपडेट आपोआप घेतं आणि त्यातूनच नवं कर्नल येतं. ते जुन्याला हटवत नाही, त्याच्या शेजारी बसतं. नव्यावर मशीन उठलंच नाही, तर ग्रबच्या मेनूतून जुन्यावर परतता यावं, म्हणून ही सोय. पिंपळीसारख्या गावात तिचं मोल मोठं आहे. अपडेट चालू असताना वीज गेली, तरी दुरुस्तीसाठी बारामती गाठण्याआधी घरातच मशीन उभं करता येतं.

भाच्याच्या डेस्कटॉपवर 2020 च्या 20.04 वरून चढवलेलं 22.04 होतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, त्यामुळे 'बूट'चं पार्टिशन वेगळं, साधारण 700 एमबीचं. एकेका कर्नलची इनिटरॅमएफएस फाइलच 100 एमबीच्या वर. 5.15 मालिकेतली पाच कर्नलं आत होती: 91, 94, 97, 101 आणि चालू असलेलं 105. सहावं, 107, जागा नाही म्हणून अर्ध्यावर अडकलेलं.

"मामा, जुन्या फाइली सरळ डिलीट करू?"

नको. फाइल हाताने उडवली, तरी डीपीकेजीच्या नोंदीत पॅकेज बसवलेलंच राहतं आणि त्याची मॉड्यूलं डिस्क अडवून बसतात. रीस्टार्टचीही घाई नको. एन्क्रिप्टेड डिस्क उघडण्याची तजवीज इनिटरॅमएफएसमध्ये असते. मशीनने अपुरं 107 उचललं, तर पासवर्ड विचारणारंच कोणी नसतं.

एवढी कर्नलं साचली कशी? अ‍ॅप्टचं 'ऑटोरिमूव्ह' एरवी जुनी कर्नलं काढतं, पण हाताने बसवलेल्यांना ते हात लावत नाही. वायफायच्या ड्रायव्हरसाठी 91, 94 आणि 97 ही तिन्ही भाच्याने नाव घालून बसवली होती, हे 'अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल'ने दाखवलं.

आधी 'युनेम -आर'ने चालू कर्नल कोणतं ते पाहिलं. चालू कर्नल काढलं, तर त्याची मॉड्यूलंही जातात. मग नवा पेनड्राइव्ह लावला की ड्रायव्हर सापडत नाही. नंतर त्या तिघांसाठी 'पर्ज' आधी '-एस' लावून, म्हणजे प्रत्यक्ष काही न काढता, नुसतं काय होईल ती यादी पाहायला चालवलं. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फक्त इमेजचं पॅकेज काढायला सांगितलं, तर अवलंबित्व भागवायला अ‍ॅप्ट कधीकधी त्याच कर्नलची 'अनसाइन्ड' इमेज बसवायला निघतं. यादी न वाचता होकार दिला, तर जागा मोकळी होतच नाही. म्हणून इमेज, मॉड्यूल, मॉड्यूल-एक्स्ट्रा आणि हेडर ही सगळी पॅकेजं एकत्र काढली.

जागा होताच 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवलं. 107 पूर्ण झालं, ग्रबची यादी नव्याने लिहिली गेली, मग रीस्टार्ट. वायफाय, आवाज, प्रिंटर, झोपवून पुन्हा उठवणं, सगळं तपासलं. वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसने प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो, तिथे थोडं जास्त थांबलो.

भाचा म्हणाला, "आता 105 पण काढू?" ते राहू दिलं. ते हाताने बसवलेलं नाही. पुढचं कर्नल येऊन चालू लागलं, की अ‍ॅप्ट त्याला वेळेवर स्वतःच काढेल.