मायक्रॉन, नॅनोमीटर की अँगस्ट्रॉम? ताऱ्यांचा प्रकाश असा मोजतात

वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगरला मायक्रॉन हा शब्द नवा नाही. सुटा भाग काही मायक्रॉनने कमी-जास्त झाला, तर तो रिजेक्ट होऊ शकतो. खगोलशास्त्रज्ञही प्रकाशाची तरंगलांबी याच एककात मोजतात. जेम्स वेब दुर्बीण साधारण ०.६ ते २८ मायक्रॉनचा प्रकाश टिपते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब असा:

१ मायक्रॉन = १,००० नॅनोमीटर = १०,००० अँगस्ट्रॉम

आता हायड्रोजनचा लाल प्रकाश घ्या. त्याची तरंगलांबी ६,५६३ अँगस्ट्रॉम, म्हणजेच ६५६.३ नॅनोमीटर किंवा ०.६५६३ मायक्रॉन. आकडे तीन, प्रकाश एकच. पण ६,५६३ पुढे चुकून नॅनोमीटर लिहिलं, तर दहापट फरक पडतो आणि डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश कागदावर न दिसणारा अवरक्त होतो.

रेडिओ तरंगांसाठी मात्र मायक्रॉन फारच लहान. पुणे जिल्ह्यात खोडदजवळची जीएमआरटी दुर्बीण हायड्रोजनचेच रेडिओ तरंग टिपते. त्यांची लांबी २१ सेंटीमीटर, म्हणजे २ लाख १० हजार मायक्रॉन! इथे बहुतेकदा वारंवारताच सांगतात: १,४२० मेगाहर्ट्झ. ३०० ला या आकड्याने भागलं, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते: ०.२१.

म्हणून आकडा वाचण्याआधी त्याचं एकक पाहा.