वापरलेला गेमिंग लॅपटॉप गेममध्ये का रखडतो? दुरुस्तीच्या खर्चापूर्वी कारण ओळखणे महत्त्वाचे

नवी दिल्ली : नव्या गेमिंग लॅपटॉपची किंमत आवाक्याबाहेर असल्याने अनेक तरुण वापरलेल्या यंत्राचा पर्याय निवडतात. दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता, बंगळुरूतील एस. पी. रस्ता किंवा चेन्नईतील रिची स्ट्रीट येथील दुकानांतून, तसेच ऑनलाइन विक्री मंचांवरून असे लॅपटॉप सहज मिळतात. मात्र कागदावर दमदार वाटणारे यंत्र घरी आणल्यानंतर गेम अडखळू लागला, की ‘ग्राफिक्स चिप गेली’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि मदरबोर्डच्या महागड्या दुरुस्तीचा विचार सुरू होतो.

प्रत्यक्षात हेच लक्षण कमी क्षमतेचा चार्जर, पंख्यात साचलेली धूळ, रॅमची एकच पट्टी किंवा विंडोजमधील एखादी चुकीची निवड यांमुळेही दिसू शकते. यांपैकी काही दोष विनाखर्च दूर होतात, काहींना काही शे ते काही हजार रुपये लागतात, तर मदरबोर्ड बदलण्याचा खर्च लॅपटॉपच्या खरेदी किमतीच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक ठरते. यंत्र केव्हा मंदावते, या प्रश्नाच्या उत्तरातून त्या निदानाची दिशा बहुतांशी स्पष्ट होते.

आधी मोजमाप, मग निष्कर्ष

गेममधील हालचाल किती सलग दिसते, हे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या, म्हणजेच फ्रेमच्या संख्येवर अवलंबून असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलीसेकंदांत तयार व्हावी लागते. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप, रॅम आणि साठवण यांपैकी कोणताही एक घटक मागे पडला तरी ही मुदत पाळली जात नाही.

चाचणीसाठी चार्जर जोडून, तोच गेम, त्याच ठिकाणी, त्याच सेटिंगवर किमान अर्धा तास चालवावा. विंडोजमधील टास्क मॅनेजर प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि रॅमचा वापर दाखवतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून प्रत्येक भागाचे तापमान, कामाचा वेग आणि वीजवापर नोंदवता येतो. पहिल्या पाच मिनिटांतील आणि अर्ध्या तासानंतरच्या नोंदींची तुलना केली, की दोष कोठे शोधायचा हे ठरवता येते.

ग्राफिक्स चिपचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर ती तिच्या सध्याच्या मर्यादेपर्यंत काम करीत आहे. अशा वेळी ती मर्यादा उष्णतेमुळे, अपुऱ्या विजेमुळे की मूळ रचनेमुळे आली आहे, हे पाहावे लागते. फ्रेम कमी आणि ग्राफिक्स चिपचा वापरही कमी असेल, तर अडथळा प्रोसेसर, रॅम, साठवण किंवा फ्रेमवर घातलेल्या एखाद्या मर्यादेत असण्याची शक्यता अधिक.

पहिल्या मिनिटापासून मंद असेल तर

गेम सुरुवातीपासूनच संथ चालत असल्यास प्रथम चार्जर तपासावा. गेमिंग लॅपटॉपना १८०, २३० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचे चार्जर लागू शकतात. वापरलेल्या लॅपटॉपबरोबर मूळ चार्जरऐवजी कमी वॅटचा किंवा बनावट चार्जर दिला जाण्याची शक्यता असते. पिन बसली आणि बॅटरी चार्ज होऊ लागली, म्हणजे चार्जर योग्य आहे असे नव्हे. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर जोडल्यास स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरचा वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणतात. अशा यंत्रात साधी फाईलही उशिरा उघडते. चार्जरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे त्याचे वॅट. हा आकडा कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.

गेम केवळ बॅटरीवर मंद चालत असेल, तर तो बहुधा दोष नसतो. बॅटरी ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज पुरवू शकत नसल्याने यंत्रच तिच्यावर मर्यादा घालते. काही लॅपटॉप मोठ्या भाराच्या वेळी चार्जरच्या जोडीला बॅटरीतूनही वीज घेतात. त्यामुळे जीर्ण बॅटरीचा परिणाम चार्जर लावलेला असतानाही जाणवू शकतो. बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता विंडोजच्या बॅटरी अहवालात पाहता येते.

दुसरी बाब दोन ग्राफिक्स चिपांची. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील लहान ग्राफिक्स आणि स्वतंत्र, ताकदवान चिप अशा दोन्ही असतात. वीज वाचवण्यासाठी यंत्रणा या दोहोंमध्ये अदलाबदल करते. गेम लहान ग्राफिक्सवर चालू राहिला, तर स्वतंत्र चिपचा वापर जवळपास शून्य दिसतो. विंडोजच्या सेटिंग्जमधील सिस्टीम, डिस्प्ले आणि त्यातील ग्राफिक्स या विभागात त्या गेमसाठी उच्च कार्यक्षमतेचा पर्याय निवडल्यास हा प्रश्न सुटू शकतो. लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ‘शांत’ चालण्याचा प्रकार निवडलेला असल्यास तोही बदलावा.

कोणताही गेम सुरू नसताना ग्राफिक्स चिप किंवा प्रोसेसर सतत पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर पार्श्वभूमीला एखादा छुपा प्रोग्रॅम चालू असल्याची शंका घ्यावी. आधीच्या मालकाने किंवा विक्रेत्याने टाकलेल्या अनधिकृत विंडोजसोबत आभासी चलन मिळवणारे किंवा माहिती चोरणारे प्रोग्रॅम येऊ शकतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. म्हणून वापरलेला लॅपटॉप घेतल्यावर साठवण पूर्णपणे पुसून विंडोज नव्याने टाकणे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घेणे सुरक्षित. विंडोज १० ची नियमित मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने, यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे.

काही मिनिटांनी वेग घसरत असेल तर

गेम आरंभी सुरळीत चालतो, दहा-पंधरा मिनिटांनी पंखे मोठ्याने फिरू लागतात आणि फ्रेम घसरतात, हे लक्षण प्रामुख्याने उष्णतेकडे निर्देश करते. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो जळू नये म्हणून आपला वेग आपोआप कमी करतो. ग्राफिक्स चिपची मर्यादा साधारणपणे त्याहून थोडी खाली असते. तापमान वर जाऊन स्थिरावणे आणि त्याच वेळी वेगाचा आकडा खाली येणे, ही जोडी नोंदींत दिसली की निदान जवळपास निश्चित होते.

याची कारणे वयाशी निगडित असतात. पंख्याच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पातळ पात्यांच्या जाळीत धुळीचा थर बसतो आणि हवा बाहेर पडत नाही. चिप आणि तांब्याच्या नळ्या यांच्यामधील थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते आणि उष्णता वाहून नेण्याची तिची क्षमता घटते. पंख्याचे बेअरिंग झिजल्यास तो पुरेशा वेगाने फिरत नाही. आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी दिवसरात्र राबवलेल्या यंत्रांत अशी झीज अधिक असू शकते. इथेरियम या चलनाचे ग्राफिक्स चिपांवरील मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले. त्यापूर्वीची यंत्रे घेताना पंख्यांची अवस्था विशेष काळजीने पाहावी.

भारतातील उन्हाळा हाही यातील एक घटक आहे. शीतकरण तेच राहिले, तर खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच चिपचेही वाढते. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर राहणारी चिप मे महिन्यात नागपूर किंवा दिल्लीतील ३८ अंशांच्या खोलीत १०० च्या उंबरठ्यावर जाऊ शकते. हिवाळ्यात चाचणी करून घेतलेला लॅपटॉप उन्हाळ्यात रखडू लागल्यास तो बिघडलाच असे मानण्याचे कारण नाही.

पहिले उपाय साधे आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर न ठेवता कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि मागील बाजू थोडी उचलावी. गेममध्ये फ्रेमची संख्या ६० किंवा पडद्याला साजेशा आकड्यावर मर्यादित केल्यास विनाकारण निर्माण होणारी उष्णता कमी होते. फरक न पडल्यास धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलावी. हवेच्या फवाऱ्याने सफाई करताना पंखा हलक्या हाताने रोखून धरावा, अन्यथा तो अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो. काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रव धातू वापरलेला असतो. तो वीजवाहक असल्याने सांडल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. असे लॅपटॉप अनुभवी तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्यावेत.

फ्रेम पुरेशा, तरीही झटके

फ्रेमची सरासरी चांगली असूनही चित्र मधूनच क्षणभर थांबत असेल, तर संशय रॅम आणि साठवणीवर घ्यावा. रॅमची एकच पट्टी असल्यास प्रोसेसरला माहिती मिळण्याचा मार्ग दोन पट्ट्यांच्या तुलनेत निम्मा रुंद असतो. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात किती खाचा भरलेल्या आहेत, हे दिसते. ८ जीबीची एकच पट्टी आणि रिकामी खाच असेल, तर जुळणारी दुसरी पट्टी बसवणे हा खर्चाच्या मानाने परिणामकारक उपाय ठरू शकतो. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते. त्यामुळे खरेदीपूर्वी मॉडेलची माहिती पाहावी.

साठवणीचेही महत्त्व वाढले आहे. ‘सायबरपंक २०७७’सारख्या गेमच्या किमान अपेक्षांत आता एसएसडीचा समावेश आहे. असा गेम जुन्या हार्ड डिस्कवर ठेवल्यास नवे दृश्य उघडताना अडखळणे स्वाभाविक आहे. एसएसडी काठोकाठ भरलेली असली तरी तिचा वेग मंदावू शकतो.

ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी अपुरी पडली तरी असेच झटके बसतात. ४ जीबी मेमरीच्या चिपवर नव्या गेममधील उच्च दर्जाची पोतचित्रे मावत नाहीत. तेव्हा ‘टेक्स्चर’ची पातळी खाली आणल्यास फरक जाणवतो.

नाव सारखे, ताकद वेगळी

काही प्रकरणांत यंत्र निर्दोष असते, अपेक्षा मात्र चुकीची असते. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिपचे नाव डेस्कटॉपच्या कार्डासारखे असले तरी क्षमता सारखी नसते. डेस्कटॉपसाठीच्या आरटीएक्स ३०६० ची मूळ आवृत्ती १२ जीबी मेमरीची आहे. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपला ६ जीबी मेमरी असते. शिवाय लॅपटॉप उत्पादक ही चिप ६० ते ११५ वॅटच्या दरम्यान कोणत्याही मर्यादेवर चालवू शकतात. त्यामुळे एकच नाव असलेल्या दोन लॅपटॉपांत ठळक फरक दिसतो आणि कमी वॅटच्या यंत्राचा हा फरक कोणतीही दुरुस्ती भरून काढू शकत नाही. चिपची कमाल वीजमर्यादा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील सिस्टीमच्या माहितीत पाहता येते.

वयाचीही मर्यादा असते. जीटीएक्स १०५० आणि १०६० ज्या पास्कल मालिकेतील आहेत, तिच्यासाठी नव्या गेमना अनुकूल ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता त्यांना केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतील. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमना प्रकाशकिरणांची गणना करणारी स्वतंत्र यंत्रणा चिपमध्येच असावी लागते. ती नसलेल्या जीटीएक्स १६५० वर सेटिंग कितीही कमी केली तरी हे गेम अपेक्षेप्रमाणे चालणार नाहीत.

कोठे थांबावे?

टचपॅड वर आलेला असणे, तळ फुगणे किंवा झाकण नीट न बसणे ही बॅटरी फुगल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी गेमची चाचणी तत्काळ थांबवून लॅपटॉप बंद करावा आणि चार्जर काढावा. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते. बदललेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.

पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे उमटणे, नव्याने विंडोज टाकूनही गेम सुरू होताच यंत्र बंद पडणे, ही मात्र ग्राफिक्स चिप किंवा मदरबोर्डच्या बिघाडाची लक्षणे असू शकतात. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप सामान्यतः मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने ती सुटी बदलता येत नाही. येथे दुरुस्तीपेक्षा परतफेड हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

म्हणूनच चाचणी खरेदीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, परतीची मुदत शिल्लक असतानाच पूर्ण करावी आणि मुदत संपेपर्यंत लॅपटॉप उघडू नये. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा आणि तापमान व वेगाच्या नोंदींची छायाचित्रे जपून ठेवावीत. व्यावसायिक विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ‘लॅपटॉप मंद आहे’ या तक्रारीपेक्षा किती मिनिटांनी, किती अंशांवर आणि कोणत्या चार्जरवर वेग घसरला, हे सांगणारी नोंद विक्रेत्याला नाकारणे अवघड जाते आणि तंत्रज्ञालाही नेमका दोष शोधण्यास तिची मदत होते.