वडाच्या सावलीतला संगीतकार

फिनलंडचे संगीत म्हटले की सिबेलियसचे नाव निघते आणि बहुधा तिथेच बोलणे संपते. वडाखाली दुसरे झाड वाढत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण या वडाखाली एक झाड वाढले. लेवी मादेतोया त्याचे नाव.

मादेतोया 1887 साली उत्तरेकडच्या ओउलू गावी जन्मला. वडील पोटासाठी अमेरिकेला गेलेले. मुलाचे तोंड पाहण्याआधीच ते तिकडे वारले. आईने कष्टाने मुले वाढवली. पोराच्या हाती आले ते कान्तेले, आपल्या स्वरमंडळाच्या जातीचे तंतुवाद्य. पुढे हेलसिंकीत तो खुद्द सिबेलियसचा शिष्य झाला.

त्याने तीन सिंफनी पुऱ्या केल्या. पहिली 1916 सालची, चारऐवजी तीनच भागांची, आटोपशीर. पहिल्या सिंफनीत सगळी विद्या ओतून टाकायचा मोह त्याने आवरला, हे मला फार आवडते. (आमच्यातल्या नवलेखकांना हे जमत नाही, मलाही जमले नव्हते.)

दुसरी मात्र सवडीने ऐकावी. तिचे लेखन 1916 ते 1918 चालले होते, आणि 1918 सालीच फिनलंडात यादवी पेटली. मादेतोयाचा भाऊ तीत मारला गेला. त्यापाठोपाठ जिवलग मित्र आणि गुरुबंधू तोइवो कूला वीपुरी शहरात विजयोत्सवातल्या भांडणात गोळी लागून गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रॉबर्ट कायानुसच्या हाताखाली ही सिंफनी वाजली. अर्पण आहे ती आईला.

आता इतके कळल्यावर प्रत्येक स्वरात रडणे शोधायचे काय? मला तसे वाटत नाही. काम तर यादवीच्या आधीच सुरू झाले होते. शिवाय दुसऱ्या भागात ओबो एक गुराख्याची धून छेडतो आणि पलीकडच्या डोंगरावरून यावा तसा तिचा प्रतिसाद येतो. तिथे दुःखापेक्षा मोकळे रानच अधिक दिसते. तिसरा भाग मात्र खवळलेला आहे. त्यानंतर येणारा शेवटचा भाग छोटा आणि संथ. ना विजयाचे नगारे, ना मोठा आक्रोश. घरातले माणूस गेल्यावर चार दिवसांनी आई पुन्हा चुलीपाशी बसते ना, तसा तो मला वाटतो.

आपण रागसंगीतावर वाढलेली माणसे. सम शोधू लागलो तर इथे चुकामूक होईल. एकच छोटा स्वरसमूह धरून ठेवावा आणि तो पुढे कोणत्या वाद्याच्या तोंडी, कोणत्या रूपात येतो, एवढेच पाहत राहावे. आलाप ऐकणाऱ्याला हे अवघड नाही.

तिसरी सिंफनी, 1926 सालची, पॅरिसच्या मुक्कामाची. ती उजळ, हसरी, अंगाने सडपातळ आहे. जाणकार तिलाच सर्वांत श्रेष्ठ मानतात. माझा जीव दुसरीवर.

चौथीही लिहिली जात होती. पण 1938 साली पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर त्याची बॅग चोरीला गेली, आणि तीत तिचे हस्तलिखित होते. गुरूने आपली आठवी सिंफनी पुढे स्वतःच जाळली. शिष्याची चौथी चोराने नेली. मादेतोया 1947 साली वारला. ती पाने पुन्हा त्याच्या हाती आली नाहीत. चोराने बॅग उघडली तेव्हा आत नुसते रेघा मारलेले कागद पाहून काय म्हटले असेल!