लोखंड राहील, रबर जाईल

कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे घेऊन ट्रक येतात. भरल्या ट्रकला कच्चा ब्रेक चालत नाही. त्यामुळे या भागात ड्रम आणि लायनरवर हात बसलेले मिस्त्री भेटतात. अशाच एका मिस्त्रीकडे जुन्या प्रीमियर पद्मिनीचं काम मी जवळून पाहिलं.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ साली फियाट ११०० डी निघू लागली. पुढे, १९७४ पासून, ती पद्मिनी म्हणून ओळखली गेली. आमच्यासमोरची गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती. मालकाच्या मनात आधी रंग होता, मग इंजिन. मिस्त्रीने मात्र गाडी घोड्यांवर चढवली आणि चारही चाकं काढली. ‘‘लोखंड पाहून ठेवू, भाऊ. रबर सारं फेकू. रबराले वय असते.’’

या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं ऑइल पाइपांतून चाकापर्यंत जातं, तिथल्या छोट्या सिलेंडरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. जुन्या मॉडेलांत चारही चाकांसाठी ऑइलची वाट एकच. म्हणजे एका चाकाचं रबर फुटलं तरी चारही ब्रेक जातात. म्हणूनच एकाच चाकाचं रबरी किट बदलून भागत नाही, सगळी एकदम बदलावी लागतात.

ड्रम निघाला तसा मिस्त्रीने हवेचा पाइप बाजूला ठेवला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून आतली राख फुंकायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची असते. सिलेंडरचे पिस्टन गंजून अडकले होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल नुसतं खाली जातं. तेच पाणी सिलेंडरला आतून गंजवतं. बोट फिरवल्यावर जिथे खड्डे लागले ते सिलेंडर बाद झाले, बाकीचे हलके घासून घेतले.

मला सर्वांत आवडलं ते धुण्याचं काम. मिस्त्रीकडे दोन वेगळी भांडी होती. गिअरचे सुटे भाग डिझेलमध्ये, ब्रेकचे स्पिरिटमध्ये. डिझेलचा ओशटपणा राहिला तर नवे रबरी कप फुगतात आणि पिस्टन पुन्हा अडकतो. कप बसवताना त्याची पाकळी ऑइलकडे आहे ना, हे तो प्रत्येक वेळी पाहत होता. उलटा बसला तर दाब धरत नाही.

ड्रम लेथवर गेले. आत चरे होते आणि एक ड्रम किंचित अंडाकृती झाला होता. तो गोल होईल तेवढाच कातला. जास्त कातला तर भिंत पातळ होते, तापते आणि तडकते. नव्या लायनरचे रिव्हेट पृष्ठभागापासून खोल बसवले, नाहीतर लायनर झिजताच रिव्हेटची डोकी ड्रम खरवडू लागतात.

डिस्क, म्हणजे चाकाची लोखंडी चकती, हबवर फिरवून वाकडेपणा पाहिला. गंज घासून काढला, कडा गुळगुळीत केल्या, प्रायमर लावला. गंजाची एक खपलीही ट्यूब कापू शकते. टायरवरच्या नक्षीत भरपूर खोली शिल्लक होती, मालकाला ते टाकवेनात. पण बाजूला बारीक चिरा होत्या. २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात: ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असं अनेक उत्पादक सांगतात. या टायरवर चार आकड्यांचा कोडच नव्हता, एवढं पुरे होतं. ५.२०-१४ म्हणजे सव्वापाच इंचांच्या आसपास रुंदी आणि १४ इंची डिस्क. त्याच मापाचे, एकाच जातीचे टायर चारही चाकांना आले. एकाच एक्सलवर रेडिअल आणि क्रॉसप्लाय एकत्र लावले तर वळणावर गाडी दगा देते.

शेवटी हवा काढली. मास्टरपासून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं. पोऱ्या पेडल दाबून धरी, मिस्त्री निपल सोडी, बुडबुडे थांबेपर्यंत. मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश फेऱ्या. गाडी एका अंगाला ओढते का ते पाहिलं, उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात धरला. ऊब डाव्या-उजव्या चाकांना सारखी हवी.

जुनी गाडी जपणं म्हणजे तिचं सगळं जुनं ठेवणं नव्हे. ओतीव ड्रम, चकत्या, हब यांत गाडीचा इतिहास आहे, तो राखावा. कप, होज, ऑइल, टायर यांत मात्र रस्त्यावरच्या माणसांचा जीव आहे. रंगाचे पैसे आधी तिथे घालावेत.