कुलपाची कडी कशी तपासतात?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पांढरकवडा परिसरात कापसाच्या गोदामांना लावलेल्या कुलपांची खरी कसोटी किल्लीच्या भोकापेक्षा कडीवर लागते, कारण बोल्ट कटरच्या लांब दांड्यांवरील जोर तरफेमुळे जबड्यापाशी कित्येक पटींनी वाढतो. लोहार विळ्याला पाणी देतो त्याप्रमाणे पोलादी कडी तापवून झटकन थंड केली की ती इतकी कठीण होते की पात्यालाच खांडे पडतात; मात्र गाभा चिवट ठेवावा लागतो, अन्यथा हातोड्याच्या घावाने ती तडकते. चाचणीत यंत्राचे जबडे कडीवर वाढता दाब देतात आणि ती तुटते त्या क्षणीचा दाब नोंदवला जातो. ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर व्यासाची कडी घेतल्यास कापावयाचे क्षेत्रफळ चौपट होते. तथापि कडीभोवती पोलादी खांदे उभारून जबड्याला शिरकावच न देणे अधिक शहाणपणाचे.