प, फ, ब, भ, म चा खेळ

उंच उंच मेणबत्त्यांचा चक्रव्यूह. सगळ्या पेटलेल्या. त्यातून एक गायक नाचत, गात चाललाय आणि सेटवरच्या स्पीकरमधून त्याचंच गाणं भलत्या वेगानं पळतंय. कॅसेटच्या जमान्यात पुढे पळवायचं बटण अर्धवट दाबलं गेलं की भारदस्त आवाजसुद्धा चिमणीसारखा चिवचिवायचा, तसं. साल 1983, बँड ‘द पोलीस’, गायक स्टिंग, गाणं ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ आणि दिग्दर्शक गॉडली-क्रीम ही जोडी.

आता तोच प्रसंग पडद्यावर पाहा. स्टिंग पाण्याखाली चालावा तसा संथ चालतो. शेवटी तो मेणबत्त्या पाडत सुटतो, तर त्याही पिसासारख्या हळूहळू कलंडतात. सगळं जग मंदावलेलं, आणि ओठ मात्र गाण्याशी तंतोतंत जुळलेले! हे जमलं कसं?

गणित प्राथमिक शाळेतलं आहे, पण पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. समजा, गाणं चार मिनिटांचं आहे. सेटवर ते दुप्पट वेगानं वाजवलं, म्हणजे दोन मिनिटांत आटोपलं. कॅमेराही दुप्पट वेगानं चालवला. सेकंदाला 24 ऐवजी 48 चित्रं. दोन मिनिटांत चित्रं झाली 5,760. तीच नेहमीच्या चालीनं, सेकंदाला 24 अशी दाखवली की पुरतात बरोबर 240 सेकंद. म्हणजे चार मिनिटं! ओठांची दुगुन आणि कॅमेऱ्याची दुगुन एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती मेणबत्तीची विलंबित लय, कारण मेणबत्तीला कुणी ‘जरा लवकर पड’ असं बजावलेलं नसतं.

म्युझिक व्हिडिओची सगळी जादू या एका युक्तीत आहे. गाणं आधीच ध्वनिमुद्रित होऊन गेलेलं असतं, आणि ते हलत नाही. बाकी सगळं वाकवता येतं. प्रकाश, वेळ, दिशा, गुरुत्वाकर्षण आणि मुख्य म्हणजे गाणारा माणूस. त्याला मोठा करा, चौघांत वाटा, उलटा चालवा, नाहीसाच करा. एकच पथ्य पाळायचं: ओठ दिसत असले, तर ते गाण्याला धरून हलले पाहिजेत.

आणि ते पथ्यसुद्धा आपण समजतो तितकं कडक नाही. शाळेत पाठ केलेली वर्णमाला आठवा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. यांतले पहिले चार प्रकार तोंडाच्या आत घडतात. समोरच्याला ते फारसे दिसत नाहीत. उघड्यावर घडतो तो फक्त शेवटचा वर्ग. प, फ, ब, भ, म. ‘म’ ऐकू आला आणि ओठ मिटलेले दिसले नाहीत की डोळा लगेच चोरी पकडतो. ‘क’ आणि ‘ग’च्या जागी मात्र बरंच काही खपून जातं.

त्याहून अजब गोष्ट 1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवली. चित्रात ‘ग’ म्हणणारे ओठ आणि त्यावर चढवलेला आवाज ‘ब’चा. पाहणाऱ्यांना ऐकू आलं ‘ड’! चित्रात नसलेलं, आवाजात नसलेलं, तिसरंच अक्षर. डोळे मिटले की पुन्हा ‘ब’. ऐकण्याचं काम कानांचं, हा आपला समज. प्रत्यक्षात डोळे त्यात सर्रास ढवळाढवळ करतात. वेळेच्या बाबतीतही मेंदूचा कल ठरलेला असतो. आवाज चित्राच्या मागे रेंगाळला तर साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत खटकत नाही, पण आधी आला तर 45 मिलिसेकंदांतच बिनसतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मापदंडात हेच आकडे आहेत. निसर्गातही तसंच असतं. पैलतीरावर कुणी धुणं आपटत असेल, तर हात आधी दिसतो आणि ‘धप्प’ मागून येतं. उलट आपण कधी पाहिलेलंच नाही.

ओठांची ही नजरबंदी टीव्हीपेक्षा जुनी आहे. 1940 साली अमेरिकेत पॅनोरॅम नावाची कपाटाएवढी यंत्रं बारमध्ये, हॉटेलांत उभी राहिली. दहा सेंटचं नाणं टाकलं की तीनेक मिनिटांचा गाण्याचा चित्रपट दिसायचा. त्यांना ‘साउंडी’ म्हणत. एका रिळावर आठ चित्रपट, आणि निवड तुमच्या हातात नाही. रिळावर पुढचा जो असेल तो. ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर असे दिग्गज त्यांत आहेत. गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर त्यावर ओठ हलवायचे. यंत्राच्या पोटात चित्र आरशांवरून पडद्यापर्यंत जायचं, म्हणून रिळं मुद्दाम उलटी छापत. आज त्यातलं एखादं रीळ साध्या प्रोजेक्टरवर लावलं, तर पियानोचे खर्जातले सूर वादकाच्या उजव्या हाताला गेलेले दिसतात.

बीटल्सनी या खेळाला निराळं वळण दिलं. 1966 मध्ये दूरदूरच्या टीव्ही कार्यक्रमांना स्वतः जाण्याऐवजी त्यांनी ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ यांच्या फिल्म बनवून पाठवल्या. दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग. पुढच्याच वर्षी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये तर त्यांनी ओठ हलवायलाच नकार दिला. गाणं वाजत राहतं आणि हे चौघं मैदानात भटकतात, पॉल मॅकार्टनी उलट्या फिरणाऱ्या रिळात उडी मारून झाडावर जातो. गायकानं गाण्यात गायलंच पाहिजे असं कुठे आहे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा ठसठशीत विचारला गेला, असं माझं मत.

त्यानंतर नोव्हेंबर 1975, क्वीन, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. गाण्याच्या मधल्या भागात आवाजांचे थरांवर थर आहेत; मंचावर चौघांनी उभं राहून ते ‘गायल्याचं’ सोंग केलं असतं तर हसं झालं असतं. म्हणून एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गॉवर्सनी चारेक तासांत व्हिडिओ चित्रित करून टाकला. अंधारातले चार चेहरे, आणि एक चेहरा मागे मागे लहान होत अनंतात जाणारा. ही करामत कॉम्प्युटरची नाही. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखला, इतकंच! सलूनमध्ये समोरासमोरच्या आरशांत आपली डोकी रांगेनं दिसतात, तसं चित्र स्वतःलाच पाहत सुटतं. मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की शिट्टी मारतो ना? ती आवाजाची शिट्टी, ही चित्राची. आणखी एक गंमत म्हणजे त्या चार चेहऱ्यांत बास गिटारवाला जॉन डीकनही आहे, पण ध्वनिमुद्रणातले आवाज उरलेल्या तिघांचेच. पडद्यानं त्यालाही गायकांच्या पंगतीला बसवलं. मधोमध उभा असलेला फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, फारोख बल्सारा. तो शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि त्याचा पहिला बँड, ‘द हेक्टिक्स’, त्या शाळेतलाच.

1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला. पहिला व्हिडिओ होता ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. खोड्या काढण्याची हौस तेव्हापासूनचीच. आता चेहरा हाच धंदा झाला, आणि कुणाचा चेहरा दाखवायचा हेही धंदाच ठरवू लागला. 1983 मध्ये डेव्हिड बोवीनं मुलाखत घ्यायला आलेल्या एमटीव्हीच्या निवेदकालाच उलट विचारलं, तुमच्याकडे कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का? चाळीस वर्षांपूर्वी दहा सेंटात फॅट्स वॉलर दिसत होता, आणि आता हे! त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’नं ते दार ढकललं, आणि डिसेंबरात आलेल्या चौदा मिनिटांच्या ‘थ्रिलर’नं ते बिजागरीसकट काढलं.

त्या दशकात गायकाचं शरीर म्हणजे कुंभाराची माती झाली. ‘स्लेजहॅमर’ (1986) साठी पीटर गॅब्रिएल सोळा तास काचेखाली पडून राहिला. प्रत्येक चित्रासाठी ओठांचा पुढचा आकार करायचा, थांबायचं, छायाचित्र घेऊ द्यायचं, पुन्हा पुढचा आकार. गाण्यातल्या एका सेकंदासाठी दोन डझन वेळा स्तब्ध! पुढे 2002 मध्ये कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’साठी क्रिस मार्टिन अख्खं गाणं शेवटापासून सुरुवातीकडे, उच्चारांसकट उलटं म्हणायला शिकला. का? तर चित्रण उलटं फिरवल्यावर जग मागे जावं आणि त्याचे ओठ तेवढे पुढे. आणि या सगळ्या करामतींना वाकुल्या दाखवत 1990 मध्ये शिनेड ओकॉनरचा चेहरा नुसताच समोर आला. ‘नथिंग कम्पेअर्स 2 यू’, गाणं प्रिन्सनं लिहिलेलं, पडद्यावर बहुतांश फक्त चेहरा. शेवटाकडे आईचा उल्लेख येतो आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. आवाज आधी टिपलेला, ओठ नंतर हललेले. आसू मात्र त्या क्षणाचे. मला विचाराल तर ‘थ्रिलर’च्या साऱ्या भुतांपेक्षा हे अधिक थरारक आहे.

त्याच 1990 मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. मिली व्हॅनिली या देखण्या जोडीला फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, नोव्हेंबरात ते काढून घेतलं गेलं. कारण, रॉब पिलाटस आणि फॅब मॉरव्हॅन यांनी रेकॉर्डवर गायलंच नव्हतं. आवाज दुसऱ्यांचे, यांचे नुसते ओठ. केवढा गहजब! आपल्याला त्यात गुन्हा नेमका कुठे आहे ते समजायला दोन मिनिटं लागतात. ओठ दिलीपकुमारचे, आवाज रफीचा, यात कुणी कुणाला फसवलं? रफीसाहेब तर ओठ शम्मी कपूरचे की जॉनी वॉकरचे हे पाहून आवाजाचा पोत बदलत. फरक इतकाच, की आपल्याकडे श्रेयनामावलीत दोन्ही नावं असतात. तिकडे एक लपवलं होतं.

1935 मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून हिंदीत पार्श्वगायन आलं, आणि गळा व चेहरा यांची फारकत झाली. जो समाज बालगंधर्वांना डोळ्यांसमोर गाताना पाहून वन्स मोअर द्यायचा, तोच न दिसणाऱ्या आवाजांवर जीव टाकू लागला. म्हणून म्युझिक व्हिडिओनं पश्चिमेत जे केलं, त्याच्या बरोबर उलटं आपल्याकडे केलं. तिकडे त्यानं गायकाला सोंगं चढवली. इकडे त्यानं गायकाला त्याचे ओठ परत दिले.

15 ऑगस्ट 1988 ला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं तेव्हा आम्ही त्याला म्युझिक व्हिडिओ म्हणत नव्हतो, पण तो होताच. सुरावट अशोक पत्कींची, आरंभ भीमसेनजींचा, आणि त्यात लताबाईसुद्धा स्वतः दिसतात. त्याच फिल्ममध्ये काही कलावंत दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतात. दोन्ही रीती गुण्यागोविंदानं नांदतात. 1995 मध्ये ‘मेड इन इंडिया’त अलिशा चिनॉय सिंहासनावर बसली आणि नट शोभेला आला: शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण, पेटाऱ्यातून बाहेर! पार्श्वगायिका पुढ्यात, नायक पार्श्वभूमीला. तीन वर्षांनी दलेर मेहंदीच्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये रंगीत पडद्यापुढे एकच दलेर चार झाला. गाणी सुंदर मुलींमुळे चालतात, अशी टीका झाल्यावर त्यानं मुलीच काढून टाकल्या, अशी त्यामागची सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत. आणि त्याच 1998 मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर काय वाजत होतं? ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. पडद्याआडून गाणाऱ्या आशा भोसल्यांवरचं गाणं.

आता वारा फिरलाय. आपण गायकांचे चेहरे पाहण्यात रमलो असताना तिकडचे गायक पडद्याआड निघाले. गोरिलाझ हा बँड तर व्यंगचित्रांचाच. 2014 मध्ये ‘शँडेलियर’साठी सियानं कॅमेऱ्यासमोर यायचं नाकारलं आणि स्वतःसारखा पिवळट केसांचा टोप एका अकरा वर्षांच्या मुलीला, मॅडी झीग्लरला, घातला. मॅडी नाचते, ओठ जुळवण्याच्या भानगडीत पडत नाही. ओके गो या बँडनं 2016 मध्ये ‘द वन मोमेंट’च्या बहुतांश भागासाठी अवघे 4.2 सेकंद चित्रित करून ते गाणंभर ताणले. स्टिंगच्या मेणबत्त्यांचाच हा पणतू.

मेणबत्त्यांचा प्रयोग मात्र आता घरात होतो. एका फोनवर गाणं दुप्पट वेगानं लावा. त्यावर ओठ हलवत हातातले मूठभर तांदूळ हवेत उडवा. दुसऱ्या फोननं चित्रण करा, ते निम्म्या वेगानं चालवा आणि मूळ चालीतलं गाणं त्याला जोडा. अक्षता तरंगत खाली येतील, तुम्ही तालात गात असाल. गाणं निवडताना त्यात प, फ, ब, भ, म भरपूर आहेत ना, तेवढं पाहा, म्हणजे फसगत कुठे उघडी पडते ते नीट दिसेल. आणि तांदूळ लगेच झाडून घ्या. नाहीतर मुंग्या लागतात.