आधी टेप, मग वॅट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा नवा संगणक जोडायला ताईकडे बसलो होतो. प्रोसेसर बसला, मेमरीच्या पट्ट्या बसल्या, मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी पक्का झाला. उरला होता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा धातूचा डबा. तळाच्या कप्प्यात तो अलगद सरकला, मागचे चारही स्क्रू जुळले. मग केबल लावायला घेतल्या आणि हात अडला. डब्याची पाठ आणि हार्ड डिस्कचा पिंजरा यांच्यात जेमतेम दोन बोटे जागा होती. चोवीस पिनांचा प्लग त्या फटीत कसाबसा शिरला, पण त्यामागची वायरींची जाड जुडी वळायला जागाच उरली नाही.

‘‘मामा, बॉक्सवर 160 मिलिमीटर लिहिलंय. कॅबिनेटच्या पुस्तिकेतही 160 चालतो असं लिहिलंय. मग अडतंय कुठं?’’ भाच्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. 160 ही लांबी डब्याची होती. डब्यातून बाहेर येणाऱ्या प्लगची आणि वळणाऱ्या केबलची लांबी त्यात कोणी धरलेलीच नव्हती. संगणक स्वतः जोडणारी बहुतेक मुले एसएमपीएस घेताना वॅट विचारतात, किंमत विचारतात आणि थांबतात. तो आपल्या कॅबिनेटमध्ये नीट बसेल का, हा प्रश्न दुकानात नाही, घरी आल्यावर पडतो.

मोट आणि रहाट

हा डबा मुळात एवढा लहान कसा झाला, ते आधी पाहू. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांत मागे-पुढे वाहणारी. संगणकाला हवी असते एकाच दिशेने वाहणारी 12, 5 आणि 3.3 व्होल्टची वीज. जुन्या पद्धतीत 230 व्होल्ट थेट ट्रान्सफॉर्मरने उतरवत. 50 आवर्तनांवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लोखंडाचा मोठा, जड गाभा लागतो, कारण प्रत्येक आवर्तनात बरीच ऊर्जा एकदम वाहून न्यावी लागते.

एसएमपीएस दुसरी वाट धरतो. आलेली वीज तो आधी एकदिश करतो आणि तिचा दाब चारशे व्होल्टच्या आसपास नेतो. मग ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने ती सेकंदाला हजारो वेळा, अनेकदा लाखाच्या घरात, चालू-बंद करतो. विहिरीवरची मोट आठवा. बैल एका खेपेत मोठी मोट ओढून आणतात, पण खेपा मोजक्याच. रहाटाची गाडगी लहान, पण ती एकामागून एक वर येत राहतात आणि पाणी तेवढेच मिळते. एसएमपीएस म्हणजे विजेचा रहाट. खेपा वाढल्या की प्रत्येक खेपेतले ओझे कमी होते आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा मुठीत मावेल एवढा लहान करता येतो. 1977 साली आलेल्या ॲपल-2 या संगणकासाठी रॉड होल्ट यांनी याच तत्त्वावरचा वीजपुरवठा बनवला होता आणि घरगुती संगणक आटोपशीर होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

तीन मापे

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. त्यातल्या डब्याची रुंदी 150 आणि उंची 86 मिलिमीटर. ही दोन मापे ठरलेली असल्यामुळे कुठल्याही कंपनीचा एटीएक्स डबा एटीएक्स कॅबिनेटच्या खाचेत बसतो आणि स्क्रूची भोके जुळतात. खोली मात्र बदलती राहिली. बाजारात 140, 160, 180 मिलिमीटरचे आणि त्याहूनही लांब डबे मिळतात. एकाच वॅटचे दोन डबे शेजारी ठेवले तर त्यांच्या खोलीत चार सेंटिमीटरचा फरक दिसू शकतो.

लहान कॅबिनेटसाठी एसएफएक्स हा वेगळा आकार आहे: 125 मिलिमीटर रुंद, 63.5 उंच आणि 100 खोल. त्याचाच थोडा लांब भाऊ एसएफएक्स-एल, खोली 130. कूलर मास्टरच्या एनआर 200 सारख्या छोट्या कॅबिनेटमध्ये हेच दोन आकार चालतात. एटीएक्सचा डबा तिथे बसवायचा प्रयत्न करणे व्यर्थ.

मॉड्युलर डब्याला केबल कायमच्या जोडलेल्या नसतात. त्याच्या पाठीवर नुसती सॉकेट असतात आणि हवी तेवढीच केबल आपण लावतो. सगळ्या केबल सुट्या असतील तर तो पूर्ण मॉड्युलर. मदरबोर्डची चोवीस पिनांची आणि बहुधा प्रोसेसरची केबल कायम, बाकीच्या सुट्या, असा असेल तर अर्धमॉड्युलर. सोय मोठी आहे, पण सॉकेटात बसलेला प्लग डब्याच्या पाठीबाहेर दोनेक सेंटिमीटर येतो आणि त्यापुढे वायरींना वळायला आणखी जागा लागते. म्हणून डब्याच्या छापील खोलीत मी पाच-सहा सेंटिमीटर मिळवतो आणि मगच कॅबिनेटकडे पाहतो. काही कॅबिनेटच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा केबलसह असते, काहींत नुसत्या डब्याची. ती ओळ दोनदा वाचावी.

हे झाले पहिले माप. दुसरे माप केबलच्या पोहोचीचे. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात लावायची असते. ती मदरबोर्डच्या पाठीमागून फिरून जाते, म्हणून सरळ अंतरापेक्षा तिची वाट बरीच लांब. मध्यम उंचीच्या कॅबिनेटला साठ ते पासष्ट सेंटिमीटरची केबल लागू शकते. एसएफएक्स डब्याबरोबर येणाऱ्या केबल पुष्कळदा तीस-चाळीस सेंटिमीटरच्याच असतात, कारण त्या छोट्या घरासाठी केलेल्या असतात. जोडपट्टी लावून तो डबा मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवता येतो, केबल मात्र वर पोहोचत नाही.

त्या दिवशी ताईच्या शिवणयंत्राच्या खणातून कापडी टेप काढली. हे माप घ्यायला लोखंडी टेपपेक्षा कापडी टेप बरी, कारण ती केबलसारखी वळते. तळापासून मदरबोर्डच्या मागून वरच्या भोकापर्यंत फिरवली, 58 सेंटिमीटर भरले. डब्याबरोबर आलेली केबल 65 ची होती. पोहोचीचा प्रश्न नव्हता. अडचण होती ती फक्त पिंजऱ्याची. भाच्याचा सगळा साठा मदरबोर्डवरच बसणाऱ्या एम-2 पट्टीत होता, त्याला हार्ड डिस्क लावायचीच नव्हती. तळाचे स्क्रू काढले, पिंजरा बाहेर आला आणि केबल सुखाने वळल्या.

तिसरे माप हवेचे. डब्याचा पंखा ज्या बाजूने हवा आत ओढतो ती बाजू मोकळी हवी. तळाला जाळी असेल आणि कॅबिनेटला उंच पाय असतील तर पंखा खाली करावा, म्हणजे बाहेरची गार हवा मिळते. कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीवर ठेवायची सवय असेल तर पंखा वर करावा किंवा खाली फळी सारावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याला महत्त्व आहे. काही डब्यांची वॅटची हमी 40 अंशांपर्यंतची असते, चांगल्यांची 50 अंशांची. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुरात कूलर नसलेल्या खोलीतच चाळिशी गाठली जाते. तिथल्या वाचकाने 50 अंशांची हमी पाहूनच घ्यावे आणि तळाची जाळी महिन्याकाठी झटकावी.

वॅट किती?

वॅट मोजायचे ते मापे झाल्यावर. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4060 या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा 115 वॅट आहे. एएमडीचा रायझन 5 7600 हा प्रोसेसर भाराखाली 88 वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, मेमरी, पंखे यांचे पन्नास-साठ धरा. बेरीज 260 च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॅटचा डबा सुचवते. त्यात क्षणिक उसळ्यांची आणि पुढच्या वाढीचीही सोय आहे. अशा संगणकाला हजार वॅटचा लांबलचक डबा घेणे म्हणजे पैसे आणि जागा दोन्ही घालवणे.

डब्यावरचे लेबल वाचायला शिकावे. आजच्या संगणकातले बहुतेक काम 12 व्होल्टवर चालते. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात 54 अँपिअर लिहिले असेल तर 12 गुणिले 54, म्हणजे 648 वॅट. हा खरा 650 वॅटचा डबा. मोठ्या अक्षरांत 450 छापलेले आणि हा गुणाकार दोनशेच्या आतबाहेर येत असेल, तर ती मोठी अक्षरे विसरून दुकानातून बाहेर पडावे.

‘80 प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची. संगणक 400 वॅट घेत असताना डबा 80 टक्के कार्यक्षम असेल तर तो भिंतीतून 500 वॅट ओढतो आणि शंभर वॅटची उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतो. 90 टक्क्यांचा डबा तेच काम साधारण 444 वॅटमध्ये करतो, उष्णता 44 वॅट. लहान कॅबिनेटमध्ये हा फरक पंख्याच्या आवाजातच ऐकू येतो.

प्लग पूर्ण बसला का?

2022 साली एटीएक्स 3.0 मानकाबरोबर ग्राफिक्स कार्डांसाठी सोळा पिनांची नवी जोडणी आली. जुना आठ पिनांचा प्लग 150 वॅट देतो, हा नवा 600 पर्यंत. आता हिशेब करा. 600 भागिले 12, म्हणजे 50 अँपिअर. आपल्या घरातल्या गिझरच्या मोठ्या प्लगची मर्यादा 16 अँपिअर असते. इथे 50 अँपिअर नखाएवढ्या सहा पिनांतून जातात, प्रत्येकीतून आठाहून जास्त. पिन आणि सॉकेट यांचा स्पर्श अपुरा राहिला तर तिथला रोध वाढतो आणि उष्णता तिथेच साठते. त्या वर्षी आरटीएक्स 4090 कार्डांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्लग पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक मुख्य कारण ठरले. पुढच्या एटीएक्स 3.1 मध्ये या जोडणीतल्या खुणेच्या चार पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला पूर्ण वीज मागताच येऊ नये.

याचाही कॅबिनेटच्या मापाशी संबंध आहे. कॅबिनेट अरुंद असेल तर काचेचे दार लावताना ही केबल प्लगपाशीच दाबली जाते. प्लगपासून साडेतीन सेंटिमीटर तरी केबल सरळ जाऊ द्यावी आणि मग वळवावी. कार्डाची कड आणि काच यांच्यात तेवढी जागा आहे का, हे टेपने आधीच पाहावे.

केबल सारखी दिसते, सारखी नसते

आता सगळ्यात महत्त्वाचे. मॉड्युलर केबलचे मदरबोर्डाकडचे, ग्राफिक्स कार्डाकडचे, डिस्ककडचे टोक मानकाप्रमाणे असते. डब्याकडच्या टोकाला मात्र सर्वांनी पाळावे असे मानक नाही. कुठल्या पिनमध्ये 12 व्होल्ट, कुठल्यात 5, कुठल्यात शून्य, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे असू शकते. प्लगचा आकार मात्र पुष्कळदा सारखाच असतो. एका डब्याची केबल दुसऱ्यात खट्कन बसते, बटण दाबले की डिस्कच्या 5 व्होल्टच्या वाटेवर 12 व्होल्ट येतात आणि डिस्क जळते, कधी आतल्या सगळ्या फोटो-कागदपत्रांसह.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे जुना मॉड्युलर डबा स्वस्तात मिळत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा: याच्या मूळ केबल आहेत का? नसतील तर सौदा सोडावा. डबा बिघडला म्हणून उघडूही नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतेल एवढा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

मग मॉड्युलर घ्यावा का? कॅबिनेट प्रशस्त असेल, मदरबोर्डच्या मागे केबल लपवायला जागा असेल, तर अर्धमॉड्युलर पुरेसा आहे, कारण चोवीस पिनांची आणि प्रोसेसरची केबल कुणालाही लावावीच लागते. कॅबिनेट लहान असेल तर पूर्ण मॉड्युलरवर जादा पैसे जरूर खर्च करा. तिथे न लागणारी प्रत्येक केबल जागा अडवते आणि हवेच्या वाटेत येते.

त्या दिवशी काम संपल्यावर सात केबल उरल्या. भाच्याने त्या पिशवीत भरून कपाटात टाकल्या, तेव्हा मी त्याला पिशवी परत काढायला लावली आणि तिच्यावर मार्करने डब्याचे कंपनीसह पूर्ण मॉडेल लिहायला सांगितले. तुमच्या घरात मॉड्युलर एसएमपीएस असेल तर आज पाच मिनिटे काढून तुम्हीही एवढे करा. डबा बदलाल तेव्हा केबलही सगळ्याच्या सगळ्या बदला आणि जुनी पिशवी जुन्या डब्याबरोबरच जाऊ द्या.